‘लोक’ : मराठी वृत्तपत्रांतील एका शब्दाची वाटचाल (१८३२–१९५०)

१

मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या शतकातील कोणताही अंक उघडला, तरी ‘लोक’ हा शब्द दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. बातमी दुष्काळाची असो, सभेची असो, नव्या कराची असो अथवा जत्रेची असो, तिच्यात लोक जमतात, लोक म्हणतात, लोक चिडतात आणि लोकांचे हाल होतात. शब्द इतका सरावाचा आहे की त्यापाशी थांबण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ‘राष्ट्र’, ‘स्वराज्य’, ‘सुधारणा’ यांसारखे शब्द विचारांचे वाहक म्हणून ओळखले जातात व त्यांचे अर्थ तपासले जातात. ‘लोक’ हा मात्र केवळ भाषेच्या व्यवहाराचा शब्द मानला जातो.

ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना वृत्तपत्रे हे एक प्रमुख साधन असते आणि ‘लोकांत असंतोष पसरला’, ‘लोकमत विरुद्ध गेले’, ‘लोकांस हे रुचले नाही’ अशी विधाने त्या साधनातून उचलून इतिहासात पुरावा म्हणून मांडली जातात. या विधानांतील ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सोडविल्याखेरीज त्या पुराव्याची किंमत ठरविता येत नाही. एका पेठेतील पन्नास गृहस्थ आणि एका इलाख्यातील सर्व रयत या दोहोंसही मराठी वृत्तपत्रकार ‘लोक’ म्हणू शकत होता. तसे तो म्हणतही असे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, वृत्तपत्रीय मराठीत हा शब्द दोन निरनिराळ्या रचनांत वावरतो. एकीत त्याच्यामागे विशेषण अथवा जातिनाम असते : ‘इंग्रज लोक’, ‘ब्राह्मण लोक’, ‘कुणबी लोक’, ‘अस्पृश्य लोक’. दुसरीत तो एकटा असतो : ‘लोक म्हणतात’. पहिल्या प्रकारास सोयीसाठी विशेषित ‘लोक’ व दुसऱ्यास केवळ ‘लोक’ म्हणता येईल. केवळ ‘लोक’ दिसायला सर्वसमावेशक आहे, परंतु लिहिणारा व वाचणारा ज्या वर्तुळात होते ते वर्तुळ तो पुष्कळदा मुकाट्याने गृहीत धरतो. त्या वर्तुळाबाहेरच्यांस वर्तमानपत्रात यावयाचे तर बहुधा विशेषण लावूनच यावे लागे. या दोन रचनांमधील अंतर कसे निर्माण झाले, ते कोणी ओळखले व ते मिटविण्याचे प्रयत्न कोणी केले, हाच या शब्दाचा वृत्तपत्रीय इतिहास होय.

२

छापखाना येण्यापूर्वीही हा शब्द मराठीत अनेकार्थी होता. संस्कृतातून आलेला ‘जग’ हा त्याचा अर्थ ‘इहलोक’, ‘परलोक’, ‘मृत्युलोक’ या समासांत टिकून राहिला. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) जग व माणसे असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. पण वृत्तपत्रांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे आणखी तीन प्रयोग मराठीत रूढ होते.

पहिला प्रयोग लष्करी आहे. सभासदाच्या बखरीपासून उत्तर पेशवाईच्या पत्रव्यवहारापर्यंत ‘लोक’ म्हणजे पदरी ठेवलेली माणसे, शिपाई, असा अर्थ वारंवार आढळतो. ‘लोक ठेवणे’ म्हणजे शिबंदी ठेवणे, ‘लोकांचा रोजमुरा’ म्हणजे शिपायांचे वेतन. ‘मावळे लोक’, ‘अरब लोक’, ‘गारदी लोक’ ही त्याच परंपरेतील रूपे. या अर्थी लोक हे नेहमी कोणाचे तरी असतात. सरदाराचे लोक, किल्लेदाराचे लोक असा षष्ठीचा संबंध त्यांना चिकटलेला असतो. धन्याशिवायचे ‘लोक’ या प्रयोगात संभवत नाहीत.

दुसरा प्रयोग जातिवाचक अथवा समूहवाचक आहे. जातीच्या, पंथाच्या अथवा देशाच्या नावापुढे ‘लोक’ जोडून अनेकवचन साधण्याची ही रीत आहे. येथे ‘लोक’ हा जवळजवळ प्रत्ययासारखा वागतो. त्याच जागी ‘मंडळी’ हा शब्द घातल्यास अर्थात सूक्ष्म फरक पडतो. ‘मंडळी’त आपलेपणा व आदर आहे, तर ‘लोक’मध्ये निरीक्षकाचे अंतर आहे. घरी आलेल्या पाहुण्यांस कोणी ‘लोक आले’ म्हणत नाही, ‘मंडळी आली’ असेच म्हणतात. स्त्रियांच्या बाबतीत ‘बायकालोक’ असा जोडशब्द बोलीत रूढ झाला, यावरून केवळ ‘लोक’ म्हटल्याने त्यांचा बोध होईलच असे भाषेने मानले नव्हते, हे उघड होते.

तिसरा प्रयोग सर्वांत घरगुती व म्हणून सर्वांत बोलका आहे. एकवचनी सामान्यरूपात ‘लोकाचा’ म्हणजे परक्याचा. मुलगी ‘लोकाच्या घरी’ जाते; ‘लोकाचे’ भांडे परत करावयाचे असते. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यात बोलणारा स्वतःस लोकांत मोजत नाही. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ या म्हणीत तर ‘लोक’ आणि ‘आपण’ हे परस्परविरोधी म्हणूनच समोरासमोर उभे केलेले आहेत. लोकलाज, लोकापवाद, लोकाचार या शब्दांतील लोक म्हणजे दुरून पाहणारे, बोट दाखविणारे आणि प्रसंगी वाळीत टाकणारे. तात्पर्य, हा शब्द वृत्तपत्रांच्या हाती आला तेव्हा तो मूलतः ‘ते’ या पक्षाचा होता, ‘आम्ही’ या पक्षाचा नव्हता.

३

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. त्याचा मजकूर इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. या मांडणीमुळे एक अडचण आपोआप उत्पन्न झाली. इंग्रजीत माणसांच्या समुच्चयास एक शब्द, राजकीय घटक म्हणून जनतेस दुसरा, आणि वाचणाऱ्या-विचार करणाऱ्या समाजास तिसरा, असे भेद करता येत होते. मराठीत या सर्वांस जवळचा शब्द एकच होता. ‘दर्पण’च्या पहिल्या अंकातील हेतुकथनात ‘स्वदेशीय लोक’, ‘एतद्देशीय लोक’ असे प्रयोग आलेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. येथे लोकांस विशेषण आहे, पण ते जातीचे नसून देशाचे आहे. ‘एतद्देशीय’ हे विशेषण इंग्रजांच्या समोर उभे राहून लावलेले आहे. राज्यकर्ता शेजारच्या स्तंभात बसलेला आहे, म्हणून ‘येथले’ असे सांगावे लागते. मराठी वृत्तपत्रातील ‘लोक’ प्रथम असा विशेषित होऊनच अवतरला आणि त्याचा प्रतियोगी इंग्रज होता.

पुढच्या दशकात भाऊ महाजन यांचे ‘प्रभाकर’ (१८४१) निघाले. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात त्यातून शतपत्रे लिहिली आणि त्यांसाठी ‘लोकहितवादी’ हे नाव घेतले. मराठी वृत्तपत्रसृष्टीत लोक या शब्दाचा इतका ठळक उपयोग तत्पूर्वी कोणी केलेला नव्हता. या नावात लोकांचे हित आहे, परंतु ते हित सांगणारा लोकांहून वेगळा आहे. शतपत्रांत ‘हिंदू लोक’, ‘ब्राह्मण लोक’, ‘इंग्रज लोक’ यांची सतत तुलना चालते आणि ‘आपले लोक’ यांची कठोर झडती घेतली जाते. ‘आपले लोक’ ही शब्दयोजना मराठी पत्रकारितेस फार उपयोगी पडली. ‘आपले’ या शब्दाने लेखक व वाचक दोघेही त्यात येतात, पण ‘लोक’ या शब्दाने वाक्य तृतीयपुरुषी राहते. त्यामुळे ‘आपण आळशी आहोत’ असे न म्हणता ‘आपले लोक आळशी आहेत’ असे म्हणता येते आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर राहून टीका करू शकतात.

येथे मराठीच्या एका वैशिष्ट्याची नोंद करणे अवश्य आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठी ‘आपण’ व ‘आम्ही’ असा भेद करते. ‘आपण’मध्ये ऐकणारा अंतर्भूत असतो, ‘आम्ही’मधून तो वगळलेला असतो. या न्यायाने वाचकांशी बोलताना ‘आपले लोक’ व सरकारास उद्देशून ‘आमचे लोक’ अशी वाटणी व्हावयास हवी. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाटणी काटेकोरपणे पाळलेली दिसत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध किंवा आगरकरांचा ‘आमचे दोष आम्हांस कधी दिसू लागतील?’ हा निबंध मराठी वाचकांसाठीच लिहिलेला आहे, तरी शीर्षकात ‘आमचे’ आहे. याचे एक संभाव्य कारण असे की त्या काळचा संपादक एकाच वाक्याने दोन श्रोत्यांशी बोलत असे. समोर वाचक बसलेला असे आणि भिंतीपलीकडे सरकार कान देऊन असे. देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास सरकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली, तेव्हा तर ही दुसरी उपस्थिती कायमचीच झाली.

४

१८७० नंतरच्या दोन-तीन दशकांत ‘लोक’ या शब्दाचा प्रतियोगी निश्चित झाला. तो म्हणजे ‘सरकार’. ‘सरकार व लोक’ ही जोडी या काळात रूढ होते आणि केवळ ‘लोक’ या रचनेचा खरा प्रसार याच जोडीमुळे होतो. कारण समोर सरकार उभे असले की लोकांस वेगळे विशेषण लावण्याचे कारण उरत नाही. जे सरकार नव्हे ते लोक, एवढी व्याख्या पुरते.

या प्रक्रियेस संस्थांचे पाठबळ मिळाले. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी यांनी तिच्या सभासदास किमान पन्नास जणांचे मुखत्यारपत्र असावे अशी अट घातली, ती प्रतिनिधित्वाच्या कल्पनेच्या दृष्टीने लक्षणीय होय. ‘लोकांच्या वतीने बोलणे’ हे केवळ अलंकारिक न राहता त्यास सह्यांचा आधार असावा, असा हा आग्रह होता. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्यासंबंधीचा ठराव प्रसिद्ध केला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे यांविषयीचे कायदे झाले. त्यानंतर ‘सरकारनियुक्त’ व ‘लोकनियुक्त’ असे सभासदांचे दोन वर्ग वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळू लागले. ‘लोकनियुक्त’ हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने फार शिकविणारा आहे. मताचा अधिकार मालमत्ता, कर अथवा शिक्षण यांवर अवलंबून असल्यामुळे गावातील थोड्याच पुरुषांस तो होता. तरीही त्यांनी निवडलेल्या सभासदास ‘मतदारनियुक्त’ असे न म्हणता ‘लोकनियुक्त’ म्हटले गेले. थोड्यांनी केलेली निवड सर्वांच्या नावे जमा करण्याचे काम या समासाने बिनबोभाट केले.

केवळ ‘लोक’ या रचनेस आणखी एक कारण कायद्याचे होते. १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम घालण्यात आले; १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा पुढे १८८२ मध्ये रद्द झाला, तरी ते कलम कायम राहिले. अशा स्थितीत ‘सरकारचे हे करणे जुलमाचे आहे’ या विधानापेक्षा ‘लोकांस हे जुलमाचे वाटते’ हे विधान अधिक सुरक्षित ठरे. ‘लोक म्हणतात’, ‘लोकांत अशी वार्ता आहे’, ‘लोकांचा समज झाला आहे’ या ठरावीक पदरचना केवळ शैलीच्या नाहीत. संपादकाचे मत तिसऱ्याच्या तोंडी घालण्याची ती एक ढाल होती. ती सदैव उपयोगी पडली असे नाही. टिळकांवरील १८९७ च्या व १९०८ च्या खटल्यांत मराठी लेखांचे इंग्रजी भाषांतर पुराव्यात आले. १९०८ च्या खटल्यात तर टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणाचा मोठा भाग मराठी शब्दांचा अर्थ भाषांतरात कसा बदलतो हे दाखविण्यात खर्च केला. शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असल्याचे इतके प्रत्यक्ष उदाहरण भाषाभ्यासकास क्वचितच मिळेल.

१८९७ च्या प्लेगाच्या काळात ‘सरकार–लोक’ हा विरोध घराच्या उंबरठ्यापर्यंत आला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरांची तपासणी केली, माणसे इस्पितळात व सेग्रिगेशन कँपात नेली, सामान बाहेर काढले. या प्रसंगी ‘लोक’ म्हणजे ज्यांच्या घरात कोणीतरी शिरले आहे असे सर्व, असा अर्थ वृत्तपत्रांत दृढ झाला. विपत्ती समान असल्यामुळे काही काळ तरी हा शब्द जातीच्या रेषा ओलांडून गेला. परंतु घरातील सोवळे मोडले, देवघरात शिरकाव झाला अशा तक्रारींस जे महत्त्व मिळे, त्यावरून या लोकांचे घर कसे कल्पिलेले होते हेही कळून येते.

याच काळात टिळकांस ‘लोकमान्य’ ही उपाधी मिळाली. तिचे महत्त्व पत्रलेखनाच्या जुन्या मायन्याशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. मराठी पत्राचा आरंभ ‘राजमान्य राजश्री’ या शब्दांनी होई व वृत्तपत्रांकडे येणाऱ्या पत्रांतही संपादकास त्याच मायन्याने, पुष्कळदा ‘रा. रा.’ असे संक्षेपाने, संबोधिले जाई. माणसाची मान्यता राजाकडून येते, हे त्या मायन्याचे गृहीतक. ‘लोकमान्य’ या शब्दाने मान्यतेचा उगम बदलला. सरकार ज्यास दोषी ठरविते त्यास लोक मान्य करतात, आणि लोकांचे मानणे हीच मोठी पदवी, असा त्याचा आशय होता. पूर्वी लोक कोणाचे तरी असत. आता पुढारी लोकांचा झाला. षष्ठीचा संबंध उलटा फिरला. पुढे हा शब्दच वृत्तपत्राचे नाव बनला आणि १९२१ मध्ये मुंबईत ‘लोकमान्य’ हे दैनिक निघाले.

परंतु ‘लोकमत’ म्हणजे कोणाचे मत, हा प्रश्न याच काळात मराठी पत्रांतच उपस्थित झाला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. त्यापूर्वीच्या वादात परकीय सरकारने लोकांच्या इच्छेविरुद्ध सामाजिक कायदा करू नये असा पक्ष ‘केसरी’ने घेतला, तर १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारका’ने कायद्याची बाजू घेतली. आगरकरांच्या दृष्टीने लोकमत ही मोजून घ्यावयाची वस्तू नसून घडवावयाची गोष्ट होती. बहुसंख्येचे म्हणणे म्हणून ते न्याय्य ठरत नाही. दोन्ही पक्ष ‘लोक’ या शब्दाच्या अधिकाराविषयी भांडत होते. ज्या मुलींच्या वयाविषयी वाद चालला होता त्या व त्यांच्या माता यांची गणना मात्र लोकमतात कोणी केली नव्हती.

५

केवळ ‘लोक’ या रचनेची मर्यादा प्रथम स्पष्टपणे ओळखली ती सत्यशोधक चळवळीने. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस चालविले. पुण्या-मुंबईच्या इतर पत्रांत ‘शेतकरी लोक’ वा ‘मजूर लोक’ हे वर्णनाचे विषय होते, त्यांच्याविषयी लिहिले जाई. ‘दीनबंधु’च्या स्तंभांत तेच विशेषण हक्क मागणाऱ्याची ओळख बनले. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० मध्ये ती मान्य झाली. ज्यांस बाहेरून विशेषण लावले जात होते त्यांनी ते विशेषण आपणहून उचलले, हा शब्दाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केला, तेव्हा ही परंपरा शहराबाहेर पोहोचली.

या विचाराचे सर्वांत नेमके सूत्र जोतीराव फुले यांच्या लेखनात आहे. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ‘एकमय लोक’ अशी संज्ञा आलेली आहे व ती त्यांनी ‘नेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणून योजलेली आहे. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी आदी सर्व विद्वान व विचारी होऊन एकमय झाल्याखेरीज असे लोक निर्माण होणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. शब्दशास्त्राच्या दृष्टीने हे विधान असाधारण आहे. इतर लेखक केवळ ‘लोक’ हा समूह आधीपासून अस्तित्वात आहे असे धरून चालत होते. फुल्यांच्या मते तो अजून अस्तित्वात यावयाचा आहे. तो साधावयाचा आहे. म्हणून त्यांनी त्यास जातीचे अथवा देशाचे विशेषण लावले नाही, तर ‘एकमय’ हे अटीचे विशेषण लावले. पुस्तकाच्या नावातील ‘सार्वजनिक’ हा शब्दही याच दृष्टीने वाचावयास हवा.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा प्रश्न तळ्याच्या काठावर आला. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा इत्यादी स्थाने अस्पृश्यांस खुली असावीत, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस आलेल्यांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. तळे सार्वजनिक आहे काय, म्हणजेच ते ज्या लोकांचे म्हणावयाचे त्या लोकांत कोण कोण येतात, हा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला.

अशा प्रसंगाचे वृत्त लिहिताना मराठी वाक्याची घडण कशी होई, हे एका नमुन्याच्या, विवेचनासाठी रचलेल्या वाक्यावरून दाखविता येईल : ‘महार लोक तळ्यावर गेले, त्यामुळे लोक चिडले.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे आणि मराठी वाचकास ते अडखळविणारही नाही. परंतु त्यात ‘लोक’ दोनदा आला असून दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. पहिल्या ठिकाणी जातिनामाने विशेषित, दुसऱ्या ठिकाणी केवळ. तळ्यावर जाणारे हे ‘लोक’ या दुसऱ्या पदात मोडत नाहीत, हे कोणी सांगत नाही. तरी वाचकास ते कळते. सवर्णांस विशेषणाची गरज नाही आणि इतरांस विशेषणाशिवाय प्रवेश नाही. तळ्याविषयीचा वाद या वाक्याच्या रचनेत आधीच मिटवून टाकलेला आहे.

आंबेडकरांच्या पत्रांच्या नावांचा क्रम या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’, ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडनंतर दोन आठवड्यांनी, ‘बहिष्कृत भारत’, १९२८ मध्ये ‘समता’ आणि १९३० मध्ये ‘जनता’. पहिल्या दोन नावांत वगळलेपण स्पष्ट बोलून दाखविलेले आहे. मूक म्हणजे ज्यांचे म्हणणे ‘लोक म्हणतात’ या पदरचनेत कधी आलेच नाही ते. आणि बहिष्कृत भारत म्हणजे भारताच्या आत असून बाहेर ठेवलेला भारत. तिसऱ्या नावात मागणी आहे. चौथ्यात एकही विशेषण नाही. ‘लोक’ या शब्दास चिकटलेला परकेपणा व जातिनामास जोडले जाण्याची त्याची सवय ‘जनता’ या शब्दात नव्हती. तो संस्कृतोद्भव, स्त्रीलिंगी, एकवचनी समूहवाचक शब्द आहे. त्यास ‘कष्टकरी’, ‘शेतकरी’ अशी विशेषणे लागतात, पण जातीचे नाव सहज लागत नाही. ‘महार लोक’ हे मराठीस सरावाचे, ‘महार जनता’ हे अवघड. नाव निवडताना हाच विचार होता असे सांगता येत नसले, तरी भाषेने दिलेला हा लाभ त्या नावास मिळाला हे निश्चित.

६

यानंतर ‘लोक’ हा शब्द मागे पडला असे मात्र नाही. १९४२ मध्ये साम्यवादी पक्षाच्या मराठी मुखपत्राने ‘लोकयुद्ध’ हे नाव घेतले. १४ जानेवारी १९४८ रोजी मुंबईत ‘लोकसत्ता’ निघाले. हित, मत, मान्यता, युद्ध, सत्ता असा या समासांच्या उत्तरपदांचा क्रम लावून पाहिला, तर लोकांस केवळ हिताचे धनी मानण्यापासून सत्तेचे धनी मानण्यापर्यंतचा शतकाचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. या प्रवासाचा राजकीय अर्थ २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने निश्चित केला. त्याच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होतो. येथे ‘लोक’ प्रथमपुरुषी आहे; त्यास जातीचे नव्हे तर देशाचे विशेषण आहे; आणि वगळणारा ‘आम्ही’ वापरला असला तरी त्याने वगळावे असे कोणीच देशात उरत नाही. १९५१–५२ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार आल्यावर ‘लोकनियुक्त’ या जुन्या समासासही प्रथमच त्याच्या अर्थाइतका विस्तार लाभला.

संविधानाने शब्दाचा अधिकार बदलला, पण जुन्या अंकांतील वाक्ये आहेत तशीच राहिली आहेत व त्यांवरून इतिहास लिहिण्याचे काम चालू आहे. म्हणून वृत्तपत्रीय साधने वापरणाऱ्या अभ्यासकाने ‘लोक’ या शब्दापाशी तीन गोष्टी तपासणे इष्ट ठरेल. एक, त्याच्यामागे विशेषण आहे की तो केवळ आहे. आणि त्याच मजकुरात दोन्ही रचना असल्यास त्यांची वाटणी कशी झाली आहे. दोन, त्याचा प्रतियोगी कोण आहे. सरकारासमोरचे ‘लोक’ आणि अस्पृश्यांसमोरचे ‘लोक’ हे एकाच संपादकाच्या एकाच अंकात असले तरी एक नव्हेत. तीन, त्यास ‘आपले’ वा ‘आमचे’ असे सर्वनाम जोडलेले आहे काय, आणि त्या सर्वनामाने कोणास जवळ घेतले व कोणास दूर ठेवले.

या तपासणीने वृत्तपत्रांचे साक्षिमूल्य कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘लोकांत असंतोष होता’ या विधानाऐवजी ‘पुण्यातील पांढरपेशा घरमालकांत असंतोष होता’ असे विधान करावे लागेल, एवढेच. हे विधान अधिक लहान आहे, पण ते अधिक खरे आहे. शिवाय त्यामुळे ज्यांच्या असंतोषाची नोंद ‘लोक’ या शब्दाखाली झालीच नाही, त्यांचा शोध ‘दीनबंधु’, ‘दीनमित्र’, ‘मूकनायक’ यांच्या स्तंभांतून, अर्जांतून व न्यायालयीन कागदांतून घेण्याची आवश्यकता आपोआप पुढे येते.